गाडी तुटली

१

आमचा चौघांचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यांत पुढे नकाशा. हा शाळेत भूगोल शिकवतो आणि स्वतःच्या गल्लीतही चुकतो, पण पुढे राहायची हौस दांडगी. त्याच्या मागे पक्कड. ही दातांची डॉक्टर. रोग्याच्या तोंडात घालते त्याहून मोठी पक्कड मोटारसायकलच्या पेटीत बाळगते आणि आमच्या गाड्यांची निम्मी दुरुस्ती तीच करते. तिसरा मी. अपघात झालेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला खरं काय ते कळवणं हे माझं काम. खांबाला धडकली म्हणून सांगितलेली गाडी भिंतीला धडकली होती, हे मला ओरखड्यावरून कळतं. या धंद्यामुळे माझा कशावरच विश्वास राहिलेला नाही, असं माझी बायको म्हणते. तिच्या या म्हणण्यावरही माझा फारसा विश्वास नाही.

सगळ्यांत मागे भाऊजी, माझ्या ताईचे यजमान. मालगाडीवर गार्ड, आणि नकाशा-पक्कड त्यांना हाकही तीच मारतात. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने काढलेला माणूस. मिशा अशा, की हेल्मेट घालताना त्यांना वेगळी वाट करून द्यावी लागते. विनोद इतके जुने, की आम्ही ते संपायच्या आधीच हसून मोकळे होतो. आणि तरीही सांगतो, या माणसाइतका भरवशाचा सोबती मी दुसरा पाहिलेला नाही. भाऊजी मागे आहेत म्हटलं की पाठीला जणू भिंत असते.

आमचा नियम त्यांनीच घालून दिलेला. प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याला सांभाळायचं. आरशात मागचा दिवा दिसतोय तोवर चालत राहायचं. दिसेनासा झाला की थांबायचं. मध्येमध्ये नकाशा डावा हात वर करतो, मग पक्कड, मग मी. माझा हात दिसला की भाऊजी मागून दिवा मारतात, दोन लांब, एक तोकडा. म्हणजे गाडी पूर्ण.

"स्टेशनवर काय बघतात? शेवटच्या डब्याचा दिवा," ते जेवताना टेबलावर चमचे एकापुढे एक मांडून सांगायचे. "तो आला म्हणजे अख्खी गाडी आली. नाही आला म्हणजे गाडी तुटली. मधली साखळी तुटून मागचे डबे कुठेतरी राहिले."

"मग?" नकाशा दर वेळी नव्याने विचारायचा.

"मग काय! गार्डाने ब्रेक आवळायचा. पुढे काय झालं, कोण गेलं, विचार करत बसायचं नाही. आधी ब्रेक. मग लाल दिवा घेऊन उतरायचं आणि मागे चालत जायचं, मागून येणाऱ्याला थांबवायला."

"आता जेवू द्या की त्यांना," ताई म्हणायची आणि चमचे उचलून न्यायची.

या खेपेला निघताना ताईने मला बाजूला घेतलं. "ह्यांचे केस पिकले तरी पोरकटपणा जात नाही. तू त्यांच्या पुढे असतोस ना? मग बघत राहा मागे. जसे नेतोयस तसे परत आणून दे." तिचे डोळे भरून आले होते. मी हो म्हटलं.

२

प्रवासाला पहिल्यापासूनच नाट लागली. आधी पक्कडचं चाक पंक्चर झालं. मग नकाशाने आम्हाला जवळच्या वाटेने म्हणून एका सिमेंटच्या कारखान्याच्या मागच्या दारात नेऊन उभं केलं. तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला चोर समजून आधी दटावलं आणि नंतर चहा पाजला. वाऱ्याने तंबू उडून कोणाच्या तरी गोठ्यावर जाऊन बसला.

त्यात घाट चढायच्या आदल्या दिवशी भाऊजी चिखलावरून घसरले. गाडी एकीकडे, स्वारी दुसरीकडे. आम्ही धावत गेलो तर हे उठून, कमरेत वाकून, प्रेक्षकांना करावा तसा आम्हाला नमस्कार करत होते. गुडघ्यातून रक्त येत होतं.

"पडलो तरी नाक वर," ते म्हणाले. "आणि मिशा त्याहून वर."

पक्कडने आधी गुडघा बांधला, मग त्यांच्या गाडीचा पुढचा दिवा. काच मधोमध तडकली होती. तिने तिच्यावर काळी चिकटपट्टी आडवी लावली. त्यामुळे तो दिवा पेटला की उजेडाचे दोन तुकडे दिसायचे, वर एक, खाली एक.

"काणी केलीस माझी गाडी," भाऊजी म्हणाले.

"काणी असली तरी उद्या घाट चढेल. कुरकुर करू नकोस," पक्कड म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्याशीच पावसाने गाठलं. थोडं वर गेल्यावर गारा. हेल्मेटवर कोणीतरी वाटाणे ओततंय असा आवाज. आणखी वर गेलो आणि ढगातच शिरलो. भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखं झालं. नकाशा मला दिसेना. पक्कडचा लाल दिवा तेवढा पुढे पुसट दिसत होता, आणि आरशात मागचा पांढरा. रस्त्याच्या एका बाजूला ओला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसता राखाडी पडदा. अशा हवेतही नकाशा पुढे वाट काढत होता, एका लयीत, न घाबरता. त्याला मी जन्मभर चिडवत आलो, पण त्या घाटात मला त्याचा अभिमान वाटला.

३

मागचा दिवा अख्खा होता.

हे मला बऱ्याच वेळाने जाणवलं. आरशात एक गोल, पांढरा, स्वच्छ उजेड. मध्ये पट्टा नाही. मी आरसा बोटाने पुसला. उजेड तसाच. पावसाने चिकटपट्टी निघाली असेल, मी मनाशी म्हटलं. ओली चिकटपट्टी निघतेच. अशा कारणांवर तर माझं पोट चालतं.

मग एक खड्डा आला. माझी गाडी उडाली, दात एकमेकांवर आपटले. आता भाऊजींची उडेल म्हणून मी आरशात बघत राहिलो. दिवा त्या जागेवरून पुढे आला आणि हललासुद्धा नाही. वर नाही, खाली नाही. वळणावर गाडी कलते तेव्हा दिवाही कलतो. हा कलत नव्हता. मी वेग कमी केला तर तो मोठा झाला नाही, वाढवला तर लहान झाला नाही. आमच्यामधलं अंतर कोणीतरी एकदा ठरवून ठेवल्यासारखं होतं.

भाऊजी बाजूने चालले आहेत, मी मनाला समजावलं. खड्डा चुकवला असेल. ढगात अंतर कळत नाही. डोळ्यांत पाणी आहे. प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं आणि प्रत्येक कारण मी स्वतःच तयार करत होतो. लोक माझ्यासमोर बसून अशीच कारणं देतात आणि मी मान हलवत त्यांच्या हातांकडे बघत असतो.

एक मात्र होतं. दिवा दिसत होता. नियमाप्रमाणे थांबायचं काही कारण नव्हतं.

पुढे पक्कडचा हात वर झालेला पुसट दिसला. मी माझा हात उचलणार, एवढ्यात आरशात उजेड झाला. दोन लांब, एक तोकडा.

माझा हात अजून हँडलवरच होता.

४

घाटमाथ्यावर एक बंद पडलेला पेट्रोल पंप होता. पंप उखडून नेलेले, छप्पर शाबूत. आम्ही तिघे त्या छपराखाली शिरलो आणि इंजिनं बंद केली. पत्र्यावर गारांचा ताशा वाजत होता.

"गार्ड कुठेय?" पक्कडने हेल्मेट काढत विचारलं.

मी मागे बोट दाखवलं. ज्या वळणावरून आम्ही आलो तिथे, रस्त्याच्या मधोमध, पांढरा दिवा उभा होता. आमच्याकडे तोंड करून.

"अरे, ये की आत!" नकाशा ओरडला. "भिजायची हौस आहे का?"

दिवा उत्तरला. दोन लांब, एक तोकडा.

नकाशा हसला. पक्कड हसली नाही. तिने मान जराशी वाकडी करून कान दिला. रोग्याने तोंड उघडलं की ती अशीच मान करते. "त्याच्या गाडीचा आवाज कुठेय?" ती हळूच म्हणाली. "त्याचं ते फटफट एका मैलावरून ओळखू येतं."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पडद्यावर भाऊजी. गाडी चालवताना बोलता यावं म्हणून ताईने त्यांच्या हेल्मेटमध्ये यंत्र बसवून दिलं होतं. मी फोन स्पीकरवर टाकला. आधी वारा ऐकू आला, मग त्यांचं ते फटफट, आणि मग नेहमीचा आवाज.

"काय मेहुणे! सासरेबुवांचा घोडा सुटलाय का? जरा सावकाश चला. तो तुमचा लाल दिवा दिसतोय म्हणून बरं, नाहीतर एवढ्या ढगात हा डावा रस्ता मला सापडलाच नसता."

नकाशाने आम्ही आलो त्या रस्त्याकडे वळून बघितलं.

"कुठला डावा रस्ता?" मी विचारलं.

"हा काय, आत्ताच वळलात की. उतार बरा आहे हो, ब्रेक धरून हात दुखले. खाली नदी आहे वाटतं. आवाज येतोय मोठा."

आम्ही कुठेही वळलो नव्हतो. आणि सबंध वेळ चढतच होतो. मी वळणावरच्या दिव्याकडे बघितलं. तो तिथेच होता. मी फोन तोंडाशी धरला.

"भाऊजी, थांबा. आहात तिथे थांबा. पुढे आहे तो मी नाही."

ते खो खो हसले. "मग काय, तुमचा जुळा भाऊ? थांबलो तर तुमचा दिवा जाईल आणि मी बसेन इथे कोल्ह्यांशी गप्पा मारत. नियम म्हणजे नियम. आणि हे बघा, हात पण वर करताय. घ्या." फोनमधून खटका ऐकू आला. लांब, लांब, तोकडा. "झालं समाधान?"

"अरे गार्ड, थांब म्हणतोय ना तो!" पक्कड किंचाळली.

"आवाज तुटतोय," भाऊजी म्हणाले. "खाली पोचल्यावर बोलू."

नदीचा आवाज आता फोनमधून आम्हालाही येत होता. फटफट त्यात बुडत चाललं होतं. समजावायला वेळ नव्हता आणि ते समजून घेणारही नव्हते. त्यांना पुढचा दिवा दिसत होता, तसा मलाही सबंध घाटभर मागचा दिसत होता. दिव्यावर विसंबायचं आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो होतो. तेव्हा मला ते टेबल आठवलं, ते चमचे आठवले, आणि मी छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं पणाला लावून ओरडलो,

"गाडी तुटली! भाऊजी, गाडी तुटली!"

चाक घासल्याचा लांबलचक आवाज आला. मग काहीतरी आदळलं, आणि पलीकडचा आवाज बंद झाला.

५

परत जायचं तर त्याच वळणावरून जायचं होतं. दुसरा रस्ता नव्हता.

"मी पुढे होतो," नकाशा म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वाट मी चुकवली असणार. मी जातो आधी." त्याने हेल्मेटचा पट्टा बांधला.

"तू नेहमीच चुकवतोस, आज नाही," मी म्हणालो. "मागचा माझा होता. मी जातो."

मी गाडी सुरू केली आणि त्या उजेडाकडे निघालो. तो जवळ येत गेला, मोठा होत गेला, पांढरा होत गेला, आणि त्याच्या मागे गाडी काही दिसेना, माणूस दिसेना. मी डोळे मिटले नाहीत एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. वळणावर पोचलो तेव्हा उजेड नव्हता. कोणी विझवला असं वाटलं नाही, नुसता नव्हता. खाली बघितलं तर धो धो पावसात रस्त्याचा एक अरुंद पट्टा कोरडा होता, दुचाकी उभी करावी तेवढा. धूळ होती त्याच्यावर. पाऊस सगळीकडे पडत होता आणि तिथे पडत नव्हता.

पक्कड माझ्या शेजारी येऊन थांबली आणि तिनेही ते पाहिलं. "चल," ती म्हणाली. "दात उपटताना विचार केला की हात चुकतो. चल."

६

डाव्या हाताचा फाटा बराच खाली होता. आडवं लावलेलं पिंप कलंडून चरात गेलं होतं आणि रस्ता बंद असल्याची पाटी चिखलात पालथी पडली होती. आम्ही येताना त्याच्या शेजारून गेलो होतो आणि आम्हाला पत्ताच नव्हता.

फाट्यावरून थोडं उतरलो आणि ढगातून एक लाल ठिपका डुलत वर येताना दिसला. मी ब्रेक दाबला. ठिपका डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे असा हलत होता. त्याच्या मागे हळूहळू पिवळा रेनकोट दिसला, लंगडणारा गुडघा दिसला, आणि मिशा.

भाऊजी लाल विजेरी हलवत मागे चालत येत होते. गाडी आडवी टाकून, रक्ताने बूट भरलेला असताना, त्या रस्त्यावर मागून कोणी येऊन मरू नये म्हणून हा माणूस चढ चढत होता. मागून कोण येणार होतं तिथे? पण गाडी तुटली की गार्डाने मागे जायचं असतं. मी गाडीवरून उतरलो आणि त्यांना मिठी मारली. मला रडू आवरेना आणि मी आवरलंही नाही.

"अहो, हळू," ते म्हणाले. "बरगडी दुखते." मग माझ्या कानाशी तोंड आणून, पहिल्यांदाच विनोद न करता, ते म्हणाले, "तुमचा दिवा अजून पुढेच आहे."

आम्ही त्यांची गाडी उचलायला खाली गेलो. तिच्या पुढच्या चाकापासून वीतभरावर रस्ता संपला होता. पूल होता तिथे दोन दगडी खांब उरले होते आणि खाली गढूळ पाणी गर्जत होतं. आणि त्या पाण्यावर, रस्ता असता तर जिथे असता तिथे, हवेत, लाल दिवा उभा होता. ढग जरा विरळ झाला. दिव्याच्या वर पाठ दिसली. माझ्यासारखं जाकीट. कोणीतरी पुढे तोंड करून, पाय टेकून, आमची वाट बघत बसलं होतं.

त्याने डावा हात वर केला.

भाऊजींचा अंगठा आपसूक दिव्याच्या खटक्याकडे गेला. जन्माची सवय ती. पक्कडने त्यांचं मनगट धरलं. तिच्या बोटांना किती जोर आहे हे मला त्या दिवशी कळलं. समोरचा, वर केलेला हात खाली येईना. वाट बघत राहिला. मग ढग पुन्हा दाटला आणि आम्ही गाडी ढकलत वर आणली, चौघंही तिला चिकटून, कोणीही मागे न बघता.

७

फाट्यावर पक्कडने क्रम बदलला. "गार्ड मध्ये. शेवटी तू," ती मला म्हणाली. भाऊजी काही बोलणार होते, पण तिने डोळे वटारले.

निघण्याआधी त्यांनी माझा आरसा हाताने आत मिटवला. दुसऱ्या बाजूचाही.

"मेहुणे, ऐका. शेवटच्या माणसाचं काम मागे बघायचं नसतं. पुढच्याला दिसत राहायचं, बस्स. काही झालं तरी मान वळवायची नाही."

"काही म्हणजे?"

"काही म्हणजे काही," ते म्हणाले आणि गाडीवर बसले.

घाट उतरताना पाऊस कमी झाला. पुढे भाऊजींची पाठ, ताठ, दुखऱ्या बरगडीने एका बाजूला जराशी झुकलेली. मी त्या पाठीकडे बघत गाडी हाकत होतो. आणि एका सरळ उतारावर माझे हातमोजे उजळले. मग इंधनाची टाकी. मग माझी सावली माझ्याच पुढे रस्त्यावर पडली आणि लांब होत होत भाऊजींच्या मागच्या चाकापर्यंत पोचली. मागून उजेड येत होता. आवाज काहीच नव्हता. मानेवरचे केस एक एक करून उभे राहिलेले मला जाणवत होते, आणि मान वळवायची इच्छा इतकी अनावर झाली, की मी दातांनी ओठ धरला तो रक्त येईपर्यंत.

माझी सावली भाऊजींनी पाहिली असणार. ते वळले नाहीत. त्यांनी फक्त डावा हात बाजूला काढला आणि तळवा खाली करून दोनदा हलकेच दाबला, झोपलेल्या मुलाला थोपटावं तसा. सावकाश. चालत राहा.

मी चालत राहिलो.

घाटाखालच्या गावातल्या खानावळीत आम्ही शेकोटीपाशी बसलो. पक्कड भाऊजींची बरगडी चाचपत होती, नकाशा मुकाट्याने सगळ्यांचे बूट वाळत घालत होता. भाऊजी माझ्याकडे झुकले.

"पाहिलंत?"

"नाही."

"शाबास." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाहिलं होतं."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं हा माणूस रोज शेवटच्या डब्यात एकटा बसून आला, घरी येऊन जेवला, चमचे मांडून आम्हाला हसवत राहिला. काय पाहिलंत, असं मी विचारणार होतो, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ताई होती.

"काही नाही गं, थोडा पाऊस," ते म्हणाले, त्याच नेहमीच्या आवाजात. "हो, सगळे आहोत. तुझा भाऊ ना? इथेच आहे, माझ्या शेजारी." खिडकीबाहेर रस्त्यावर कुठलासा उजेड हलला. त्यांनी तिकडे न बघता खुर्ची सरकवली आणि मी व खिडकी यांच्या मध्ये येऊन बसले. "तू काळजी करू नकोस. आणतो मी त्याला."